कोर्दोबाच्या एस्तांसिया : दिवसाला एकच का?

अर्जेंटिनातल्या कोर्दोबाजवळ जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांच्या जुन्या शेतवाड्या आहेत, त्यांना एस्तांसिया म्हणतात. दर हंगामात हा प्रश्न ठरलेला : "युनेस्कोच्या यादीत जेझुइटांच्या पाच एस्तांसिया आहेत ना? अष्टविनायक दोन दिवसांत होतात, मग या का नाही?"

नकाशा बघा. आल्ता ग्रासिया कोर्दोबा शहराच्या नैर्ऋत्येला साधारण ४० किलोमीटर, हेसूस मारिया उत्तरेला ५०. एकीकडून दुसरीकडे जायचं तर अख्खं शहर पुन्हा ओलांडा. सांता कातालिना आजही खासगी मालकीची. कांदेलारिया डोंगरात, वाट कच्ची. एकदा एका कुटुंबाच्या आग्रहाखातर आम्ही दोन एकाच दिवशी लावल्या. दुसरीकडे पोचलो तोवर तिकीटखिडकी बंद. दारातले फोटो घेऊन परतलो, आणि तक्रार अर्थातच आमच्याच नावावर! तेव्हापासून दिवसाला एकच. सोमवार तर आम्ही घेतच नाही, त्या दिवशी एस्तांसियातल्या संग्रहालयाला सुट्टी.

आमची निवड आल्ता ग्रासिया. १६४३ साली ही जमीन जेझुइटांना मिळाली. कोर्दोबातलं त्यांचं महाविद्यालय हिच्या उत्पन्नावर चाले : शेती, विणकाम आणि आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी खेचरं. राबायला आफ्रिकी गुलाम. वाडा बघताना एवढं लक्षात असू द्या, नाहीतर जाड भिंती आणि गार ओसऱ्या बघून नुसतं "किती छान" म्हणून बाहेर पडाल. १७६७ साली स्पेनच्या राजाने पाद्र्यांना हाकललं. (पोर्तुगालने आपल्या मुलखातून, म्हणजे गोव्यातूनही, १७५९ सालीच.) १८१० मध्ये स्पेनच्या राजाचे इथले माजी प्रतिनिधी (व्हाइसरॉय) लिनिएर्स यांनी वाडा घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी त्यांना गोळ्या घातल्या.

वाड्यासमोरचा ताहामार चुकवू नका. पाद्र्यांनी १६५९ साली बांधलेला हा दगडी बंधारा. याच पाण्यावर त्यांची गिरणी फिरायची. आज काठावर गावकरी थर्मास काखेत धरून 'माते' या चहासारख्या पेयाचा छोटा भोपळा एकमेकांकडे फिरवत बसतात. जवळ बसलात तर तुम्हालाही देतील. चव कडू, आधीच सांगून ठेवतो.

चे गेव्हाराचं बालपणीचं घरही याच गावात. ते दुपारी. आधी तिकडे धावणाऱ्यांचा वाडा शेवटच्या अर्ध्या तासात कोंबला जातो, म्हणून हा क्रम आम्ही बदलत नाही.

गाडी, तिकिटं आणि मराठीतून समजावणारा आमचा माणूस दरात धरलेला आहे. शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच सांगा, मक्याच्या सारणाच्या एम्पानाडा (करंजीसारखा पदार्थ) आदल्या दिवशी सांगून ठेवाव्या लागतात.