अ‍ॅनी जिआगे राष्ट्रकुलातल्या पहिल्या महिला न्यायाधीश नव्हत्या

घानाच्या अ‍ॅनी जिआगे म्हणजे राष्ट्रकुलातल्या पहिल्या महिला न्यायाधीश, असं वर्षानुवर्षं लिहिलं जातं. हे खरं नाही. त्या घानाच्या उच्च न्यायालयात १९६१ साली आल्या. त्याआधी दोन वर्षं, १९५९ मध्येच, अन्ना चंडी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या होत्या, आणि त्रावणकोर संस्थानात मुन्सफ, म्हणजे कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश, तर १९३७ पासून. कॅनडाच्या हेलन किनियर १९४३ मध्ये काउंटी न्यायाधीश झाल्या, त्याही जिआगेंच्या आधीच.

जिआगे घानातल्या पहिल्या महिला न्यायाधीश, हे मात्र पक्कं. आधी शिक्षिका, मग लंडनमध्ये कायद्याचं शिक्षण, १९५० मध्ये लिंकन्स इन या लंडनच्या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर, पुढे मॅजिस्ट्रेट, आणि १९६९ मध्ये अपील न्यायालय.

मला खटकतं ते वेगळंच. ‘पहिल्या’च्या गजरात त्यांचं सर्वांत मोठं काम झाकलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगावर असताना, स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आमसभेनं तो १९६७ मध्ये स्वीकारला. १९७९ चा ‘सीडॉ’ करार, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच पायावर उभा राहिला, आणि भारतानंही त्याला १९९३ मध्ये मान्यता दिली.