ज्यू माँटेसरी शिक्षण

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या बालकेंद्री पद्धतीने ज्यू धर्मशिक्षण देण्याचा प्रयोग. माँटेसरी कॅथलिक होत्या. त्यांची पहिली बालशाळा १९०७ साली रोममध्ये सुरू झाली. आज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील लॅम्पलायटर्स येशिवासारख्या (येशिवा म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाची शाळा) शाळा ही पद्धत वापरतात. पुष्कळ ज्यू शाळांत दिवसाचे दोन भाग पडतात, एक धर्माचा आणि एक इतर विषयांचा. इथे मात्र तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) आणि गणित यांचे साहित्य एकाच खोलीतल्या शेजारशेजारच्या शेल्फांवर मांडता येते.

बालकेंद्री शिक्षणाला ज्यू परंपरेत आधार आहे. ‘मुलाला त्याच्या वाटेने शिकव’ असे हिब्रू बायबलमधले नीतिसूत्रे २२:६ सांगते. वल्हांडणाच्या (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या) भोजनात सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारते. त्या भोजनात वाचायच्या हग्गादा या पुस्तकात चार स्वभावांच्या मुलांना चार वेगळी उत्तरे आहेत. ज्याला विचारताच येत नाही, त्याच्यासाठी पालकाने स्वतः बोलायला सुरुवात करायची.

लहान वयात हा मेळ सर्वांत सहज बसतो. शब्बाथच्या (साप्ताहिक पवित्र विश्रांतिदिवसाच्या) मेणबत्त्यांची घरे घासून लखलखीत करणे, खल्ला पावाची कणीक वेणीसारखी गुंफणे, दोन कानांच्या भांड्याने आधी उजव्या आणि मग डाव्या हातावर पाणी घेणे, ही कामे माँटेसरींच्या जीवनव्यवहाराच्या उपक्रमांत आपोआप सामावतात.

लिपीपाशी मात्र विचार करावा लागतो. खरखरीत कागदाची २२ हिब्रू अक्षरे मूल बोटाने उजवीकडून डावीकडे गिरवते. त्यांपैकी पाच शब्दाच्या शेवटी रूप बदलतात. शिवाय छापील वळण वेगळे आणि हाताने लिहायचे वेगळे. माँटेसरी पद्धतीत लेखन वाचनाआधी येते, तर धार्मिक घराला मुलाने प्रार्थनापुस्तक लवकर वाचावे असे वाटते. कोणते वळण आधी शिकवायचे, हे म्हणूनच जाणीवपूर्वक ठरवावे लागते.

खरा पेच आज्ञापालनाचा आहे. मुलाने काम स्वतः निवडावे, सुमारे तीन तास त्यात कोणी व्यत्यय आणू नये, हा माँटेसरी वर्गाचा कणा. प्रार्थनेची वेळ आणि शब्बाथचे नियम मात्र मुलाच्या निवडीवर सोडलेले नाहीत. सकाळची प्रार्थना कामाच्या सत्राआधी ठेवली की वेळेचा प्रश्न सुटतो, पण ‘आज मला प्रार्थना करायची नाही’ म्हणणाऱ्या मुलाचा सुटत नाही. अशा मुलाला दटावून गप्प केले, तर पद्धतीचे फक्त साहित्य उरते.

मोठ्या मुलांच्या वर्गात खव्रुता उपयोगी पडते. दोघांनी एकच उतारा समोर ठेवून त्यावर वाद घालत शिकण्याची ही जुनी रीत आहे, आणि तिथे शिक्षिकेला बाजूला बसून ऐकता येते.