पौर्णिमेला भरती आणि अमावास्येला ओहोटी, असं नसतं हो!

हिवाळा आला की तेच. घरात ठरतं, पोरांना आणि आजीला घेऊन ऐरोलीला जायचं, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बोटीतून बघायला. मग कोणीतरी कॅलेंडर काढून ठामपणे सांगतं, "पौर्णिमा नको, भरती असते. अमावास्येला जाऊ, ओहोटी मिळेल." समुद्राकाठची माणसं असं बोलली की खरंच जीव तुटतो.

भरती-ओहोटी सगळ्यांना माहीत आहे, दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. ते सोडा.

घोळ आहे तो उधाण आणि भांगाचा, म्हणजे मोठ्या आणि लहान भरती-ओहोटीचा. पौर्णिमा असो की अमावास्या, दोन्हीला उधाणच, कारण चंद्र-सूर्य एका रेषेत येतात आणि दोघांची ओढ एकत्र लागते. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, ओढ विभागली जाते, तो भांग. इथपर्यंत बऱ्याच जणांना पाठ असतं, पण पुढचं कोणी धरतच नाही: उधाणाला भरती मोठी असते तशी ओहोटीही मोठी असते! मुंबईला उधाणात पाणी सरासरी 4.4 मीटरपर्यंत चढतं आणि 0.8 पर्यंत उतरतं, भांगात 3.3 पर्यंत चढून 1.9 पर्यंतच उतरतं. म्हणजे त्याच पौर्णिमेला दुपारी बारा-साडेबाराला तिवरांचे बुंधे पाण्यात, आणि संध्याकाळी सहा-सातला तिथेच उघडा चिखल, बुंध्यांवर गाळाची ओली रेघ, खाली निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, टणाटण उड्या मारतायत. तिथी बघून भरती की ओहोटी हे कळत नाही, पाणी किती चढेल-उतरेल आणि किती वाजता, हे कळतं.

वेळेचा हिशोब आपल्याकडे जुना आहे, तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. शुक्ल-वद्य दोन्ही पक्षांना चालतं. अंदाज आहे, पक्की वेळ भरतीच्या तक्त्यातच बघा.

आता फ्लेमिंगोंना हवा चिखल, कारण डोकं उलटं करून चोचीने त्यातलं शेवाळ गाळून खातात, पाणी भरलं की थवे उठून नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. बोटीला मात्र पाणी हवं. म्हणून पूर्ण भरती नको, पूर्ण ओहोटीही नको, पाणी उतरायला लागल्यावरचे दोनेक तास हवेत. माझी पसंती चतुर्थी-पंचमीची दुपार, ऊन कललेलं असतं आणि आजीलाही झेपतं. बोटीच्या वेळा तिथले लोक पाणी बघूनच लावतात, तेव्हा "आम्हाला दहाचीच द्या" म्हणून हट्ट धरू नका.

लहान फ्लेमिंगो आणि मोठा फ्लेमिंगो यातला फरक? लहान जास्त गुलाबी, चोच गडद. झालं.

आणि नावाड्याला "अजून जवळ घ्या ना, फोटो येत नाही" म्हणणं कृपा करून बंद करा. 2015 पासून हे अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. थवा उडवला की पाणी परत चढायच्या आत त्यांना जे खायचं असतं ते राहून जातं, आणि भांगात तर चिखल उघडतोच थोडा. एक दुर्बीण न्या, पोरांना आळीपाळीने द्या.