पुण्यात पीयूसी काढताना: कागदपत्रं, मुदत आणि त्यात न मोजला जाणारा कार्बन

गाडी एमएच-१२ असो की एमएच-१४, पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर चालत असेल तर तिला पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, लागतं. नव्या गाडीला नोंदणीपासून वर्षभर सूट असते आणि इलेक्ट्रिक गाडीला ते लागतच नाही. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं सरकारी मानक. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना एक वर्षाची मुदत मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. पुण्यात बीएस-४ कार २०१० पासूनच आल्या. त्यामुळे आपली कार जुनी आहे म्हणजे सहाच महिने, असं धरून चालू नका. आधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) पाहा.

सोबत आरसी (डिजिलॉकरमधली चालते) आणि मोबाईल ठेवा. गाडी केंद्रावर न्यावीच लागते. कुणी गाडी न बघता पीयूसी देत असेल, तर कृपा करून घेऊ नका. तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. इंजिन गरम असताना सायलेन्सरमध्ये नळी घालून तपासणी होते आणि नंबरप्लेटचा फोटो निघतो. प्रमाणपत्र हरवलं तर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकून पुन्हा मिळतं. पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

आता जे बहुतेकांना माहीत नसतं ते. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, डिझेलमध्ये धुराची घनता. कार्बन डायऑक्साइडला पीयूसीत मर्यादाच नाही. उत्तम पीयूसी असलेली गाडीही तो सोडतेच, आणि किती सोडते हे ती किती इंधन पिते त्यावर ठरतं. तो हिशेब आपणच करायचा.

एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो, पण ते जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चूक वाटते, पण नाही: १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. डिझेलचा आकडा लिटरला साधारण २.७ किलो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल, तर ते ऊस, मका, तांदळापासून बनतं म्हणून जीवाश्म इंधनाच्या हिशेबात धरत नाहीत. मग लिटरला १.८५ किलो धरा.

समजा हिंजवडीला जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस. ४५चं ॲव्हरेज देणारी स्कूटर साडेएकोणीस लिटर पिते, म्हणजे ३६ किलो. १५चं ॲव्हरेज देणारी कार त्याच रस्त्यावर १०८ किलो सोडते. कारमध्ये तिघे बसलात, तर माणशी आकडा पुन्हा ३६वर येतो.