खाद्यातलं लायसिन-मिथिओनिन: हे सगळं सुरू कुठून झालं

कोंबडीखाद्यात लायसिन-मिथिओनिन (ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) घालतात म्हटलं की लगेच 'म्हणजे केमिकल!' सुरू होतं, पण हा विषय शंभर वर्षांहून जुना आहे. 1914 च्या सुमारास ऑस्बॉर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातलं झीन खायला घातलं, वजन उतरत गेलं, मग ट्रिप्टोफॅन (हेही अमिनो आम्लच) दिलं तर उतरायचं थांबलं पण वाढ काही होईना, लायसिनही दिलं तेव्हा कुठे उंदीर वाढीला लागले. उपयोग होतो की नाही हा वाद माझ्या मते तिथेच मिटला.

अडचण होती स्वस्तात बनवायची. अमिनो आम्लाचे डी आणि एल असे दोन प्रकार असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यासारखे, आणि रासायनिक पद्धतीने बनवलं की दोन्ही मिसळून येतात. मिथिओनिनचे दोन्ही प्रकार कोंबडी वापरून घेते, त्यामुळे ते तसं बनवून चाललं. लायसिनचा फक्त एल प्रकारच कामाचा, आणि तो मिळाला जिवाणूंकडून. 1950 च्या दशकात जपानमध्ये किनोशिता यांच्या टीमला ग्लुटामिक आम्ल (आणखी एक अमिनो आम्ल) बाहेर टाकणारा जिवाणू सापडला, त्याच्याच म्युटंट जातींकडून मग लायसिन काढायला लागले, साखर किंवा मळी द्यायची आणि टाकीत आंबवायचं.

सेफ्टीची खरी भीती बसली 1989 ला, आणि तीसुद्धा माणसांच्या गोळ्यांमुळे. अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या खाऊन दीड हजारावर लोक आजारी पडले, तीसहून जास्त दगावले, बहुतेक माल एकाच उत्पादकाचा निघाला, संशय गेला त्यातल्या अशुद्धींवर. म्हणूनच युरोपात खाद्यातल्या ट्रिप्टोफॅनमध्ये त्यातली ईबीटी नावाची अशुद्धी किलोला 10 मिलिग्रॅमच्या आतच लागते. आता तपासणारे अमिनो आम्लापेक्षा ते बनवणाऱ्या जिवाणूकडेच जास्त बघतात, म्हणजे जीएम (जनुकं बदललेला) असेल तर त्याचा डीएनए मालात उरलाय का, पावडर हाताळणाऱ्याच्या नाकात एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या कवचातलं विष) किती जातं, वगैरे.

गाई-म्हशींचं गणित वेगळं. साधं लायसिन पहिल्या पोटातले जंतूच बऱ्यापैकी फस्त करतात, म्हणून कोटिंग केलेलं द्यावं लागतं, आणि ट्रिप्टोफॅन तर उघडं देऊच नये कारण पोटात त्याचं 3-मिथाइलइंडोल नावाचं घातक रसायन बनून फुप्फुसाला त्रास होतो. बाकी जास्त घातलं की जास्त वाढ असंही नाही हां, मिथिओनिनचा डोस वाढला की कोंबडी खाणंच कमी करते, आणि खाद्यात आहेच तरी पाण्यातूनही दिलं तर हाच घोळ होतो.