लाल झालेली पाठ चोळू नका

‘अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ लाल झाली की स्पिरिट लावून चोळा, बेडसोर (सतत दबून होणारी जखम) होत नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. हाड आणि गादी यांमध्ये दबून तिथला रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. चोळल्याने आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आणखी दुखावतात आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते.

तपासणी सोपी आहे. लाल जागा बोटाने तीनेक सेकंद दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून फिरतंय. लालच राहिली, तर जखमेची सुरुवात समजा आणि नर्सला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का, ते हाताने बघा.

उपाय एकच, दाब काढणे: साधारण दर दोन तासांनी कूस बदला, पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. भोकाची गोल उशी मात्र नको, तिच्या कडेवरच दाब येतो.