पोटातल्या पोटात अडकलेलं आतडं

हर्निया म्हटलं की जांघेत किंवा बेंबीपाशी आलेला फुगवटा आठवतो. खोकलं की तो वाढतो, आडवं झालं की आत जातो. डॉक्टरांना तो हाताला लागतो. अंतर्गत हर्नियात यातलं काहीच नसतं. आतड्याचा भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर न येता आतल्याच एखाद्या फटीत शिरतो. जेवल्यावर पोट दुखतं, मळमळतं, कधी उलटी होते आणि मग आपोआप बरंही वाटतं. त्यामुळे अॅसिडिटीच्या गोळ्यांवर वर्षंच्या वर्षं निघून जाऊ शकतात.

या फटी येतात कुठून? गर्भाची आतडी काही आठवडे नाळेत वाढतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परततात. या सगळ्यात ती २७० अंशांतून फिरतात. मग पोटातली पातळ आवरणं एकमेकांना चिकटतात आणि आतडी आपापल्या जागी बसतात. हे चिकटणं कुठे अर्धवट राहिलं, की तिथे कप्पा उरतो. जन्मजात प्रकारांत सर्वाधिक आढळतो तो ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या शेजारचा, आणि त्यातही डाव्या बाजूचा.

काही फटी शस्त्रक्रियेतूनही तयार होतात. वजन घटवण्यासाठी जठराची बायपास करताना लहान आतडं कापून नव्याने जोडतात, तेव्हा मेसेंटरीत मोकळ्या जागा राहतात. मेसेंटरी म्हणजे आतड्याला धरून ठेवणारा आणि रक्त पोचवणारा पंख्यासारखा पडदा. वजन उतरलं की त्यातली चरबीही झडते आणि फट रुंदावते, म्हणून त्रास कधी कधी काही वर्षांनी सुरू होतो. यातल्या एका फटीला वाल्थर पेटरसन या जर्मन सर्जनचं नाव आहे. त्यांनी तिच्याबद्दल १९०० मध्येच लिहिलं होतं, वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियांचा मागमूसही नव्हता तेव्हा!

साध्या एक्स-रेत आतडं फुगलेलं दिसतं, पण का फुगलं ते कळत नाही. तिथे सीटी स्कॅन लागतो. शिरेतून काँट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी पोटातल्या शिरा आणि आतड्याची भिंत उजळून निघतात. मग हेच चित्र समोरून, बाजूने, हव्या त्या कोनातून पाहता येतं.

तरी फक्त आतड्याकडे पाहून भागत नाही. लहान आतडं सतत हलतं, त्याची वेटोळी आज इथे तर उद्या तिथे. एका जागी पिशवीत कोंबल्यासारखा पुंजका दिसला तर शंका येते, पण खरा पुरावा रक्तवाहिन्या देतात. त्यांच्या जागा बऱ्याच ठरलेल्या असतात. त्या एका बिंदूकडे ओढल्या गेल्या असतील, फुगल्या असतील, तर तिथे फटीचं तोंड शोधावं. डाव्या प्रकारात पुंजका बहुधा जठर आणि स्वादुपिंडाच्या मध्ये असतो आणि त्याच्या पुढच्या कडेवरून इन्फिरिअर मेसेंटरिक ही शीर जाते. बायपासनंतरच्या रुग्णांत मेसेंटरीच्या वाहिन्यांना पडलेला पीळ ही सर्वांत भरवशाची खूण.

घाई असते ती वेगळ्याच कारणासाठी. फटीत आवळल्यावर आधी शिरा दबतात, कारण त्यांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी. रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही. आतड्याची भिंत सुजते, भोवती पाणी साचतं. पुढे भिंत काँट्रास्टने उजळेनाशी झाली, तर आतडं मरणाच्या वाटेवर आहे आणि ऑपरेशन लगेच हवं.

सीटीही फसतो. कळ थांबली की आतडं कधी कधी स्वतःच जागेवर सरकतं आणि स्कॅन स्वच्छ येतो. म्हणून दुखत असतानाच स्कॅन झाला तर उत्तम. बायपास झालेल्या माणसाला पुन्हा पुन्हा कळा येत असतील, तर रिपोर्ट नॉर्मल असूनही सर्जन दुर्बिणीतून पोटात पाहायचं ठरवतात, आणि ते योग्यच आहे.

ऑपरेशनमध्ये आतडं हलकेच बाहेर ओढून फट शिवतात. डाव्या प्रकारात मात्र ती इन्फिरिअर मेसेंटरिक शीर फटीच्या तोंडाच्या कडेलाच असते. तोंड मोठं करायला तिथे कात्री चालवली तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे टाका-कात्री हातात घेण्याआधी ती नेमकी कुठून गेली आहे हे सर्जन स्कॅनवर पाहून ठेवतात.